उघाडी, नेढे, पळींज

सुई प्रत्येक घरात असते आणि दोरा ओवताना डोळे बारीक करून ज्या छिद्राचा शोध घ्यावा लागतो त्याला मराठीत ‘नेढे’ असे स्वतंत्र नाव आहे. तरीही बहुतेक घरांत त्याचा उल्लेख आता ‘सुईचे भोक’ असाच होतो. दाराची कडी ज्यात अडकते तो कोयंडा, विणकाम संपल्यावर कापडाच्या टोकाला सुटे राहिलेले धागे म्हणजे दशा, भात शिजल्यावर भांड्याच्या बुडाशी धरलेला थर म्हणजे खरवड, छपराची भिंतीबाहेर आलेली कड म्हणजे वळचण आणि पावसात त्या कडेवरून ओघळणाऱ्या धारा म्हणजे पागोळ्या. वस्तू रोजच्या परिचयाची आणि नाव मात्र परके झालेले, अशा शब्दांचा मोठा वर्ग प्रत्येक भाषेत असतो, आणि कोड्यात विचारण्याजोगी गंमत म्हणूनच त्याच्याकडे सहसा पाहिले जाते. या दृष्टीत एक गफलत आहे. अपरिचितपणा हा शब्दाचा अंगभूत गुण नसून तो ऐकणाऱ्याच्या आणि त्या वस्तूशी निगडित असलेल्या कामाच्या दरम्यान पडलेल्या अंतरातून येतो. म्हणूनच सुईकामातून मागे पडलेले ‘नेढे’ राजगड किंवा रतनगड चढणाऱ्यांच्या तोंडी मात्र अगदी सहज असते, कारण तेथे कड्याला आरपार पडलेल्या भोकाला तेच नाव आहे आणि त्या ठिकाणी पोहोचण्यासाठी त्याची गरज पडते.

हे अंतर किती थोड्या मैलांत पडू शकते हे पाहण्यासाठी रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा हे दोन तालुके फार उपयोगी आहेत. पेणच्या पश्चिमेस आणि उत्तरेस खाड्यांच्या काठाने पसरलेला सपाट, खारा प्रदेश आहे, त्याला ‘खारेपाट’ म्हणतात. रोह्याला कुंडलिकेचे खोरे आणि त्याच्या दोन्ही अंगांनी डोंगर आहेत. खारेपाटात प्रामुख्याने आगरी शेतकरी, खाडीकाठी कोळी, डोंगरउतारावर कातकरी आणि ठाकर, तर बाजारपेठेत व्यापारी, कारागीर आणि नोकरदार अशी वस्ती असल्याने एकाच तालुक्यात कामांचे अनेक संच शेजारी शेजारी नांदतात, आणि प्रत्येक कामासोबत नावांचा एक संच येतो. पेणच्या बाजारपेठेत जन्म काढलेल्या सुशिक्षित माणसाला थोड्याच अंतरावरील वाशी, वढाव किंवा शिर्की परिसरातील शेतकऱ्याचे निम्मे शब्द समजावून घ्यावे लागतात, ते यामुळेच.

या शब्दांपैकी सर्वांत महत्त्वाचे शब्द बांधाचे आहेत. खारेपाटातील शेती समुद्राकडून मागून घेतलेली आहे; खाडीच्या भरतीचे पाणी जेथपर्यंत येई तेथे मातीचा बांध घालून आतली जमीन पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षे धुऊन काढली, तेव्हा ती भातयोग्य झाली. अशा रीतीने खाडीतून मिळवलेल्या जमिनीसाठी जी जुनी धारणापद्धती होती तिला ‘शिलोत्री’ म्हणत, आणि कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये तिची नोंद आहे. बांधाला ठरावीक अंतरावर जे दार ठेवलेले असते त्याला ‘उघाडी’ म्हणतात. तिची रचना साधी आणि अत्यंत चतुर आहे. जुन्या पद्धतीच्या उघाडीत लाकडी फळ्यांचे दार वरच्या बाजूने अशा रीतीने टांगलेले असते की भरतीचे पाणी चढू लागले म्हणजे त्या पाण्याच्याच दाबाने ते चौकटीवर घट्ट बसते आणि खारे पाणी आत येत नाही. ओहोटीला खाडीची पातळी खाली गेली की आत साचलेल्या पावसाच्या पाण्याचा दाब वरचढ होतो, दार बाहेरच्या अंगाला सरकते आणि शेतातले जादा पाणी निघून जाते. माणसाने हात न लावता दिवसातून दोन वेळा हे दार आपोआप उघडते आणि मिटते. मात्र त्याच्या फटीत एखादा ओंडका अडकला किंवा गाळ बसला तर ते मिटत नाही, आणि न मिटलेल्या उघाडीतून आत आलेले एका भरतीचे पाणीदेखील उभ्या पिकाला पुरेसे होते. त्यामुळे पावसाळ्यात उघाडीकडे पाहून येणे हे खारेपाटातील शेतकऱ्याचे नांगरणीइतकेच नेमाचे काम असे.

उघाडीचे वेळापत्रक चंद्रावर चालते, म्हणून भरतीचीही वेगवेगळी नावे तेथे लागतात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती म्हणजे ‘उधाण’, तर अष्टमीच्या आगेमागे येणारी लहान भरती म्हणजे ‘भांग’. उधाण हा शब्द लिखित मराठीने उत्साहाच्या, भावनेच्या वर्णनासाठी उचलला आणि तो सर्वांना ठाऊक राहिला. भांग मात्र मासेमारी करणाऱ्यांकडे आणि बांध राखणाऱ्यांकडेच उरला, कारण लहान भरतीचे कौतुक करण्याचा प्रसंग साहित्यात येत नाही, पण फुटका बांध दुरुस्त करायचा तर चार दिवसांची उसंत देणारी तीच भरती असते. बांधाला पडलेल्या भगदाडाला ‘खांड’ म्हणतात. बांध ‘फुटला’ असे वर्तमानपत्र लिहिते, शेतकरी मात्र ‘खांड गेली’ असे म्हणतो. हा केवळ शब्दांचा फरक नाही. खांड ही मोजता येते, तिला रुंदी आणि खोली असते, ती किती भरतींनी किती वाढेल याचा अंदाज असतो, ती कोणत्या अंगाने बुजवायला घ्यावी याची रीत असते. चिंबोऱ्यांनी आणि उंदरांनी पाडलेल्या बिळांतून आधी पाझर सुरू होतो, पाझरातून माती सुटते आणि एखाद्या उधाणाला वाऱ्याची जोड मिळाली की खांड जाते. ज्या माणसाला या पायऱ्यांची वेगवेगळी नावे ठाऊक आहेत त्याला त्या वेगवेगळ्या दिसतात, आणि तो पाझर असतानाच चिखलाचा गोळा घेऊन धावतो.

पूर्वी बांधांची डागडुजी गावकरी मिळून करीत. पुढे १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम यांनी हे काम शासनाच्या कक्षेत आणले आणि पेण येथे त्यासाठी सरकारी कार्यालयही आले. शासनाने पक्के बांध आणि लोखंडी दारे दिली, ते आवश्यकच होते. परंतु देखभालीची जबाबदारी जसजशी गावाच्या हातून सुटली तसतसे तिचे शब्दही वयस्कर माणसांपुरते उरू लागले. कारखान्यात किंवा मुंबईत नोकरीस जाणाऱ्या तरुणाला उघाडी म्हणजे ‘गेट’ आणि खांड म्हणजे ‘बांध फुटणे’ एवढे पुरते. जुन्या कामाचे कष्ट अफाट होते आणि त्यापासून कोणी सुटका करून घेतली तर त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तथापि बांध अजून तेथेच आहे, भरती अजून येते, आणि खारे पाणी शिरलेली जमीन पुन्हा पिकायला अनेक पावसाळे लागतात. अशा ठिकाणी वस्तू राहून नाव जाणे ही हानी आहे, कारण पाझर आणि खांड यांतला भेद न जाणणाऱ्या माणसाला बांधाची तक्रारदेखील नेमकी मांडता येत नाही.

भाताच्या बाबतीत नावांचे हे जाळे अधिकच दाट होते. मुळात ‘भात’ या शब्दाचाच अर्थ येथे निराळा आहे. घाटावरच्या आणि शहरातल्या मराठीत भात म्हणजे शिजवलेला तांदूळ, तर रायगडात भात म्हणजे शेतातले पीक आणि टरफलासकटचा दाणा. मोड आणलेले बी चिखलात फेकून पेरण्याच्या रीतीला ‘रहू’ म्हणतात. खाऱ्या मातीत तग धरणाऱ्या तांबड्या दाण्याच्या जातींना ‘राता’ हे नाव असून त्यातील काळा राता आणि भुरा राता या स्थानिक जातींवर पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्रात निवड पद्धतीने काम झालेले आहे. भाताच्या दाण्याच्या टोकाला असलेले काटेरी केस म्हणजे कुसळ. वरचे टणक आवरण म्हणजे तूस. आतला भुकटीसारखा थर म्हणजे कोंडा. सडताना तुटलेला दाणा म्हणजे कणी. कापणीनंतर जमिनीत उभे राहिलेले बुंधे म्हणजे धसकटे. झोडून झाल्यावर उरलेले काड म्हणजे पेंढा. आणि वरून भरल्यासारखा दिसणारा परंतु आत काहीच नसलेला दाणा म्हणजे ‘पळींज’. पळींज सुपातून पाखडताना वाऱ्यावर उडते आणि भरला दाणा मागे राहतो, यावरून त्या शब्दाचे घरातले महत्त्व कळते: वर्षाचे धान्य किती आले हे मापावरून ठरत नसे, पळींज किती निघाली यावरून ठरत असे. यातील प्रत्येक घटकाचा उपयोग निराळा होता, तूस भट्टीला, कोंडा जनावरांना, कणी पेजेला, पेंढा गोठ्याला, म्हणून प्रत्येकाला नाव मिळाले. भाषेने येथे हौसेने शब्द घडवले नाहीत; जे वेगळे ठेवायचे होते त्याला तिने वेगळे नाव दिले.

पेणचे पोहे आणि पापड महाराष्ट्रभर जातात, पण पापडाच्या पिठाचा भिजवून कुटलेला गोळा म्हणजे ‘डांगर’ आणि त्यातून लाटण्यासाठी तोडलेला लहान तुकडा म्हणजे ‘लाटी’ हे शब्द पुडीवर कधी छापले जात नाहीत. रोह्याकडे भातामागून, जमिनीतल्या ओलीवर वालाचे पीक घेतात. तोच दाणा कोरडा असताना वाल, आणि भिजवून, मोड आणून, साल काढल्यावर ‘बिरडे’. पुण्याकडे त्याच मोडाच्या, सोललेल्या दाण्यांना ‘डाळिंब्या’ म्हणतात. कोवळ्या शेंगा थंडीत मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यासोबत भरून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करून शिजवतात, ती ‘पोपटी’, आणि आता मुंबईहून लोक खास तिच्यासाठी येऊ लागल्याने हे नाव तरी काही काळ सुरक्षित आहे.

घरातली नावे मात्र याहून लवकर जात आहेत. मातीच्या चुलीला जोडून, तिचीच आच आतल्या भोकातून घेणारी जी दुसरी लहान चूल असते ती ‘वैल’. तिच्यावर दूध निवू नये म्हणून ठेवतात किंवा आमटी मंद शिजवतात. चुलीलगतचा भांडी टेकवण्याचा मातीचा कट्टा म्हणजे ‘भाणवस’. जात्याच्या वरच्या तळीच्या भोकात बसवलेली, खालची खीळ जिच्यातून वर येते ती पट्टी म्हणजे ‘माकडी’, हाताने धरायचा तो खुंटा, आणि जात्याच्या तोंडात एका वेळी सोडायची धान्याची मूठ म्हणजे ‘वैरण’. वैरण मोठी झाली की पीठ जाडे येते आणि हात भरतो, लहान झाली की दगडावर दगड घासतो. दळणाची सगळी कुशलता या एका मुठीत होती. जाते गेले तेव्हा वैरण गेली, आणि या जाण्याचे दुःख करण्याचे कारण नाही, कारण पहाटे उठून दळणाऱ्या स्त्रियांच्या हातांना त्यामुळे विसावा मिळाला. ‘वैरण’ हा शब्द गुरांच्या चाऱ्याच्या अर्थाने आजही चालू आहे. त्याचा जात्यातला अर्थ कोशात राहिला तरी पुरे. वैलीचे मात्र तसे नाही. गॅसच्या शेगडीवरही मंद आचेची गरज असते, फक्त ती एका कळीवर आली आणि नाव गमावून बसली.

याउलट पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत नावे टिकून आहेत, एवढेच नव्हे तर व्यवहारात त्यांना किंमत आहे. पेण शहर आणि हमरापूर, जोहे या परिसरात वर्षभर मूर्ती घडतात आणि त्या देशभर व परदेशांतही जातात. साच्यातून निघालेली, सुकलेली परंतु न रंगवलेली मूर्ती म्हणजे ‘कच्ची मूर्ती’, आणि तिचा स्वतंत्र बाजार आहे. रंग चढवल्यानंतर शेवटी डोळे रेखाटण्याचे जे काम असते त्याला ‘आखणी’ म्हणतात. आखणी प्रत्येक रंगाऱ्याकडे दिली जात नाही. वरच्या पापणीची रेघ, बुबुळाची जागा आणि भुवईचा बाक या तीन गोष्टी एकाच बैठकीत, हात न कापता साधाव्या लागतात, आणि दृष्टी किंचित खाली वळली तर मूर्ती झोपाळू दिसते, वर गेली तर रागीट दिसते. मूर्ती पाहणारा भक्त ‘डोळे किती सुंदर आहेत’ एवढेच म्हणतो. कारखान्यात मात्र ‘आखणी कोणाची’ असा प्रश्न विचारला जातो. जेथे नाव हे मजुरीचा, कौशल्याचा आणि नावलौकिकाचा आधार असते तेथे ते मरत नाही, ही गोष्ट आखणीवरून स्पष्ट दिसते.

नावे टिकवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे कोश, आणि या जिल्ह्याचा कोशांशी जुना संबंध आहे. रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतरच्या काळात, १६७७ च्या सुमारास, रघुनाथ पंडितांच्या नावाने ओळखला जाणारा ‘राजव्यवहारकोश’ तयार झाला. अमरकोशासारखी पद्यरचना आणि विषयवार वर्ग अशी त्याची मांडणी असून दरबारी वापरातील फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. अमरकोश म्हणजे अमरसिंहाने रचलेला, वस्तूंची नावे विषयानुसार एकत्र करणारा प्राचीन संस्कृत कोश; आणि ज्यांच्या घराण्याचे रोह्याशी नाते होते ते चिंतामणराव देशमुख, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले गृहस्थ, याच कोशावर ग्रंथ लिहिण्याइतके त्यात रमले होते. राजव्यवहारकोशाचे महत्त्व मोठे आहे, पण त्यातील नावे वरून दिलेली होती. राज्यकारभाराने ठरवले आणि पंडितांनी घडवले. उघाडी आणि पळींज ही नावे कोणी ठरवून दिली नाहीत, म्हणून त्यांना कोणाचा आश्रयही मिळाला नाही.

लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करण्याचे मोठे प्रयत्न नंतर झाले. जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि दुसरी, साठ हजारांच्या आसपास शब्द असलेली, १८५७ मध्ये निघाली. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला, आणि त्यात कोकणातील शब्दांपुढे तशी खूणही केलेली आहे. या कोशांचे ऋण न फिटणारे आहे. तरी त्यांत दोन उणिवा राहिल्या. पहिली म्हणजे अर्थ शब्दांत सांगितला की वस्तूचा नेमका भाग कोणता हे वाचकाला कळत नाही. ‘माकडी’ची व्याख्या वाचूनही ज्याने जाते उघडून पाहिले नाही त्याला ती दिसत नाही. दुसरी उणीव उच्चाराची आहे. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’ आणि पुष्कळदा ‘ड’चा ‘र’ होतो, घोडा ‘घोरा’ होतो आणि गाडी ‘गारी’ होते. ग्रीअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या सातव्या खंडात कोकणातल्या या बोलींची दखल घेतलेली आहे. परंतु कोशात शब्द गेला तो प्रमाण लेखनाचे वस्त्र नेसून गेला, आणि ज्याने तो जपला त्याच्या उच्चाराला ‘अशुद्ध’ ठरवण्यात आले. खारेपाटातल्या मुलाला शाळेत आपल्या घरच्या शब्दाची लाज वाटावी अशी परिस्थिती ज्या शिक्षणाने निर्माण केली त्या शिक्षणावर या शब्दांच्या लोपाचा मोठा दोष येतो, हे येथे निःसंकोचपणे नोंदवले पाहिजे.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दिदरो आणि दालांबेर यांनी विश्वकोश काढला तेव्हा त्यांच्यापुढेही हीच अडचण होती. कारागिरांच्या अवजारांची आणि त्यांच्या भागांची नावे विद्वानांच्या ग्रंथांत नव्हती, म्हणून कार्यशाळांत जाऊन ती विचारावी लागली. १७५१ पासून मजकुराचे सतरा खंड निघाले, आणि त्याखेरीज १७६२ ते १७७२ या काळात केवळ चित्रांचे अकरा खंड निघाले. त्या चित्रांत अवजाराचा प्रत्येक भाग सुटा काढून, त्यावर खूण करून, शेजारी त्याचे नाव दिलेले होते. लोहार, विणकर, सुतार यांचे शब्द प्रथमच विद्वत्तेच्या दालनात सन्मानाने आले. मराठीत अलीकडे पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण हाती घेतले आहे, त्यात एकाच वस्तूला गावोगावी काय म्हणतात हे बोलणाऱ्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करून नकाशावर मांडले जाते, आणि ही दिशा अगदी योग्य आहे. मात्र राज्यव्यापी सर्वेक्षणाला प्रत्येक तालुक्यातील प्रत्येक कामाच्या तळाशी जाता येत नाही. बांध, खळे, मूर्तींचा कारखाना आणि चूल यांची सविस्तर नोंद तेथल्या माणसांनीच करायची आहे.

पेण आणि रोह्यातील शाळा-महाविद्यालयांना हे काम सहज करता येईल. त्यासाठी मोठा निधी किंवा परवानगी लागत नाही. उघाडीचे एक, जात्याचे एक, चुलीचे एक, भाताच्या दाण्याचे एक आणि मूर्तीच्या आखणीचे एक अशी मोठी चित्रे काढावीत, आगरी, कोळी, कातकरी आणि ठाकर घरांतील वडीलधाऱ्यांना ती दाखवून प्रत्येक भागाचे नाव विचारावे, आणि चित्राखाली पहिले नाव त्यांच्याच उच्चारात व दुसरे प्रमाण लेखनात लिहावे. ज्यांना ही नावे येतात ती माणसे सत्तरीच्या पुढची आहेत, तेव्हा हे काम येत्या पावसाळ्याआधीच सुरू व्हावे.